शिबिराच्या कार्डावर '७५ – पल्पोटॉमी + एसएससी': पडणाऱ्या दाढेसाठी एवढा खटाटोप कशाला?

गोदाकाठ
मंडळी, नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या सोसायटीत दंततपासणी शिबिर झालं. डॉक्टरांनी आरसा आणि बॅटरी घेऊन सगळ्यांचे दात पाहिले, कार्डं लिहून दिली आणि गेले. आता लोक कार्डं घेऊन सेक्रेटरीच्या दारात, म्हणजे माझ्या. नावं गाळून तीन कार्डं देतो.

पहिलं. मुलगा, ६ वर्षं: "७५ डीप कॅरीज, पल्पोटॉमी + एसएससी. ३६, ४६ सीलंट."
दुसरं. मुलगी, साडेतीन वर्षं: "५२, ५१, ६१, ६२ ईसीसी. एसडीएफ किंवा स्ट्रिप क्राउन."
तिसरं. गृहस्थ, ५४: "४६ आरसीटी + क्राउन. ३४, ३५ क्लास फाइव्ह."

मुख्य वाद पहिल्या कार्डावर आहे. आजीचं म्हणणं, दुधाची दाढ आहे, आज ना उद्या पडणारच. सिमेंट भरा नाहीतर काढून टाका. आईला कार्डावर लिहिलंय तसंच करायचंय. जाणकारांनी उलगडून सांगावं. "डॉक्टरांना विचारा" हे उत्तर आम्हाला येतं, ते सोडून बोला.

चिवडा_आणि_चहा
दातांना पिनकोड असतात हे आजच कळलं.

दुधाचे_दात
पिनकोडच समजा. पहिला आकडा जबड्याचा चतकोर भाग सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. कायमच्या दातांना १ ते ४, दुधाच्या दातांना ५ ते ८. वर उजवीकडून सुरुवात करून गोल फिरायचं. म्हणजे ७५ ही खालची, डावीकडची, दुधाची दुसरी दाढ. ३६ आणि ४६ या साधारण सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या दाढा; सीलंट म्हणजे त्यांच्या खाचा बुजवणारा लेप.

घरोघरी घोटाळा होतो तो इथेच. ३६ येताना कुठलाही दात पडत नाही. ती ७५ च्या मागे मुकाट्याने उगवते, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल" म्हणून सोडून देतात. ती पडत नसते, जन्मभराची असते.

आता ७५. कार्डावरची पल्पोटॉमी म्हणजे नसेचा वरचा भाग काढणं, एसएससी म्हणजे दाढेवर बसवायची स्टीलची टोपी. ही दाढ पडते दहा ते बारा या वयात. मूल सहाचं आहे. म्हणजे पुढची चार ते सहा वर्षं तिच्यावर चावायचं आहे, शिवाय मागून येणाऱ्या ३६ ला तिने अडवून धरायचं आहे. आजींचं म्हणणं पुढच्या पटाशीच्या दातांना चालतं, ते या वयात हलायलाच लागतात. दाढेला चालत नाही.

सातपूरचा_फिटर
डॉक्टर, आमच्या पिढीच्या दाढा दोरा बांधून काढल्या, कोणाचं काय बिघडलं? हे स्टीलच्या टोप्यांचं खूळ आत्ता आलं.

दुधाचे_दात
@सातपूरचा_फिटर, स्टीलच्या टोप्या लहान मुलांच्या दाढांवर १९५० पासून बसवतात. खूळ असतं तर एवढी वर्षं टिकलं नसतं.

दोऱ्याने निघतो तो आधीच हललेला दात, त्याचं मूळ विरघळून गेलेलं असतं. सहाव्या वर्षी ७५ ची मुळं पूर्ण असतात, दोन बाजूंना फाकलेली, आणि त्या फाकेत खाली ३५ चा कोंब वाढत असतो. अशी दाढ काढली की ३६ पुढे सरकते आणि झुकते. मग अकराव्या वर्षी ३५ ला वर यायला जागा उरत नाही. ती जिभेच्या बाजूला वाकडी येते किंवा आतच अडकते. पुढे तारा लावायच्या, कधी एक उपदाढ काढायची.

काढणं अगदीच भाग पडलं तर जागा राखायला बँड-लूप बसवतात. मागच्या दाढेला पट्टीची कडी, तिला वळवलेली तार, तार पुढच्या दाढेला टेकलेली. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, कारण कडीखालचं सिमेंट धुऊन जातं आणि तिथेच नवी कीड लागते. तार वाकली की हिरडीत रुतते. खालचा दात डोकावला की लूप काढायचा, आणि हेच बहुतेक जण विसरतात.

सातपूरचा_फिटर
जागा राखायचं पटलं. पण मग नुसतं सिमेंट का नाही? भोक आहे, भोक बुजवा.

खुर्चीशेजारी
सिमेंट कालवायचं काम आमचं, म्हणून याचं उत्तर मी देते.

लहान मुलांत बहुतेक वेळा ग्लास आयनोमर वापरतात. पावडर आणि लिक्विड. दाताला ते रासायनिक रीतीने चिकटतं, थोडं फ्लोराइड सोडतं, थोडा ओलावाही सहन करतं. वाईट म्हणजे ते झिजतं आणि कडेला तुटतं. दाढेच्या वरच्या खड्ड्यात छान टिकतं, पण दोन दाढांच्या मधली भिंत पडलेली असेल तर तिथे ते कमजोर. दुधाच्या दाढांची कीड नेमकी ७४ आणि ७५ च्या मधल्या फटीत जास्त असते.

दुसरं, ते बिघडतं कसं. चमच्याने मोजून पावडर घ्यायची ती अंदाजाने कमी घेतली की मिश्रण पातळ होतं, भरायला सोपं जातं आणि काही महिन्यांत चुरा होतो. उलट कालवायला वेळ लागला आणि मिश्रणावरची चकाकी गेली, तर ते दाताला चिकटतच नाही, नुसतं बसतं. भरल्यावर वर व्हॅसलीन किंवा वार्निश लावायचं, नाहीतर थुंकी लागून पृष्ठभाग खडूसारखा होतो. तासभर काही खायचं नाही, त्या दिवशी त्या बाजूने कडक काही नको.

दातासारख्या रंगाचं कॉम्पोझिट याहून मजबूत, पण त्याला पूर्ण कोरडी जागा लागते. सदतीस टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल पंधरा-वीस सेकंद, पाण्याने धुणं, वाळवणं, बाँड, निळा दिवा, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर आणि प्रत्येक थराला पुन्हा दिवा. ॲसिड धुतल्यानंतर एकदा जरी थुंकी लागली तरी पुन्हा पहिल्यापासून. सहा वर्षांच्या मुलाची जीभ खालच्या डाव्या दाढेवर असतेच असते. रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा, लावलं तर जमतं, न लावता केलं तर कड सुटते आणि आतून कीड पुन्हा सुरू होते.

मजबूत माल कुठला हे पुस्तकात ठरतं. खुर्चीवर ठरतं ते दात किती वेळ कोरडा राहील आणि अजून किती वर्षं लागणार आहे यावर.

चिवडा_आणि_चहा
शेवटची ओळ सोसायटीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यालाही पाठवा, सेक्रेटरीसाहेब.

एंडो_पंचवटी
वरचे प्रतिसाद बरोबर आहेत, पण मूळ कार्डावर माझी एक हरकत आहे, आणि ती मोठी आहे. शिबिरात आरसा-बॅटरीने बघून "डीप कॅरीज" म्हणता येतं. "पल्पोटॉमी" म्हणता येत नाही. कीड नसेपासून किती लांब आहे हे एक्स-रे शिवाय कळत नाही, आणि पल्पोटॉमी जमणार की नाही हे तर दाढ उघडल्यावरच कळतं. कार्ड म्हणजे संशय, उपचाराचा आराखडा नव्हे. आधी त्या दाढेचा आरव्हीजी, म्हणजे छोटा डिजिटल एक्स-रे, काढा, बाईट-विंग पद्धतीने असेल तर उत्तम, म्हणजे वरच्या-खालच्या दोन्ही दाढांच्या मधल्या फटी दिसतात. किरणांची भीती नको. एका डिजिटल छोट्या एक्स-रेची मात्रा आपल्याला निसर्गातून दिवसभरात मिळते तेवढी किंवा त्याहून कमी असते.

आणि मुलाला हे विचारा: थंड लागल्यावर कळ येऊन काही सेकंदांत जाते का? गोड अडकल्यावरच दुखतं का? की रात्री झोपेतून उठून रडतो? पहिल्या दोन्हींत नस बहुधा वाचते. रात्रीचा ठणका असेल किंवा हिरडीवर पुळी असेल तर पल्पोटॉमीची वेळ गेली.

गोदाकाठ
आईला विचारलं. रात्री दुखत नाही. घास अडकला की कुरकुरतो, काडीने काढला की थांबतं. पुळी नाही. पल्पोटॉमीत नेमकं करतात काय, कोणी सांगेल का?

दुधाचे_दात
सांगतो.

जागा बधिर करायची. दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे दर मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम. मुलांत कमाल ४.४ मिलिग्रॅम प्रतिकिलो धरतात, म्हणजे अठरा किलोच्या मुलाला चार मिलिलिटरच्या आत. प्रत्यक्षात एक-दीड पुरतं. आधी हिरडीवर जेल लावून मिनिटभर थांबलं तर सुईचं निम्मं रडणं वाचतं. मग रबर डॅम.

कीड काढताना आधी भोवतालच्या भिंती साफ, तळ शेवटी. हा क्रम उलटा केला तर किडलेला भुगा नसेत जातो. नस उघडी पडली की वरचं छत पूर्ण उडवायचं आणि मुळांच्या तोंडापर्यंतचा नसेचा वरचा भाग काढायचा, फाडाफाड न करता. ओला कापसाचा बोळा दाबून काही मिनिटं धरायचा.

बोळा उचलला की निकाल समोर. मुळांच्या तोंडाशी रक्त थांबलं तर खालची नस निरोगी: तिच्यावर एमटीए किंवा बायोडेंटिन (नस झाकणारी औषधी सिमेंटं), वर साधं सिमेंट, त्याच बैठकीत स्टीलची टोपी. रक्त गडद आणि थांबतच नसेल तर आजार मुळांत उतरलाय. पल्पोटॉमी सोडून पल्पेक्टॉमी, म्हणजे मुळांतलीही नस काढून आत विरघळणारी पेस्ट. मोठ्यांच्या दातांत घालतात ते गटापर्चा इथे चालत नाही. दुधाचं मूळ विरघळतं, गटापर्चा विरघळत नाही, खालच्या दाताच्या वाटेत पडून राहतं.

पूर्वी फॉर्मोक्रेसॉल वापरत. त्यात फॉर्माल्डिहाइड असल्याने आता मागे पडत चाललंय.

बिघडतं कुठे हे सगळं? टोपी लांबवली की. पल्पोटॉमी करून वर तात्पुरतं सिमेंट आणि "परीक्षा झाल्यावर टोपी बसवू". सिमेंट कडेने गळतं, जंतू आत जातात, वर्षभरात हिरडीवर पुळी. आणि सुन्न असलेला ओठ मूल चावत बसतं. दोन-तीन तास लक्ष ठेवा, जेवण नको.

अंबडकर
स्टीलऐवजी पांढरी झिरकोनिया टोपी मिळते म्हणे. मुलाला शाळेत "रोबो" म्हणतील या भीतीने आई-वडील तीच मागतात.

लॅबवाला
मिळते, पण ती तयार साइझमध्येच येते आणि वाकवता येत नाही. स्टीलची टोपी पक्कडीने कडेला आवळून "टक" आवाजासह बसते. झिरकोनिया बसवायला दाढच जास्त कापावी लागते, टोपी अलगद सैल बसली पाहिजे. दाबून बसवली तर तडकते. आणि सिमेंट लावताना हिरडीतून रक्त आलं तर ती नीट चिकटत नाही. पुढच्या दातांना पांढरी ठीक. खालच्या मागच्या दाढेला कोण बघतंय? पैसे वाचवा.

एंडो_पंचवटी
@दुधाचे_दात, आता मूळ मुद्दा. नस शांत आहे, रात्री दुखत नाही. मग पल्पोटॉमी कशाला? एक्स-रेत कीड आणि नस यांच्या मध्ये डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या थराचा, स्पष्ट पट्टा दिसला तर हॉल टेक्निक का नको? स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यांच्या नावाची पद्धत. सुई नाही, ड्रिल नाही, कीडही काढायची नाही. वर टोपी सिमेंटने हवाबंद करून टाकायची; साखरेचा पुरवठा तुटला की कीड थांबते.

सातपूरचा_फिटर
म्हणजे कीड आत तशीच ठेवून वर झाकण? हे ऐकून माझी आजी थेट रामकुंडावरून परत येईल.

दुधाचे_दात
@एंडो_पंचवटी, तत्त्वतः मान्य, मी स्वतः सुचवतो. पण दोन अटी. एक्स-रे हवाच, अंदाजाने हॉल करणं म्हणजे गळवावर टोपी घालणं. आणि पालक पुन्हा दाखवायला येणारे हवेत. शिबिरातून आलेली मुलं परत येत नाहीत, म्हणून बरेच डॉक्टर एकदाच नस उघडून खात्री करून घेतात. हे कारण विज्ञानाचं नाही, व्यवहाराचं आहे, पण आहे.

एंडो_पंचवटी
परत येत नाहीत म्हणून जिवंत नस कापायची, हे मला पटत नाही. त्यापेक्षा फोन करून बोलवा.

दुधाचे_दात
फोन कोण उचलतं ते खुर्चीशेजारी यांना विचारा.

खुर्चीशेजारी
पहिल्या रिंगला कट. दुखायला लागलं की मात्र रात्री अकराला व्हॉट्सॲप.

मखमलाबाद_नाका
दुसऱ्या कार्डाबद्दल कोणी बोलेल का? साडेतीन वर्षांच्या मुलीचे वरचे चारही पुढचे दात.

दुधाचे_दात
ईसीसी म्हणजे लहान वयात लागलेली कीड. वरच्या पुढच्या दातांपासून सुरू होते, कारण झोपेत बाटलीतलं दूध तिथे साचतं आणि थुंकी सुकलेली असते. खालचे पुढचे दात जिभेच्या आड असल्याने वाचतात. ओठ उचलून हिरडीलगत बघा. आधी खडूसारखी पांढरी रेघ येते, ती फ्लोराइड वार्निशने थांबवता येते. तपकिरी खड्डा पडला की उशीर झालेला असतो.

एसडीएफ म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, अडतीस टक्के. दात पुसून कोरडे करायचे, ओठांना व्हॅसलीन लावायचं, छोट्या ब्रशने थेंब लावून मिनिटभर ठेवायचं. एका थेंबात चार-पाच दात होतात. सहा महिन्यांनी पुन्हा. कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो. हे आधी दाखवून, सांगून, सही घेऊनच करावं. कातडीला लागलं तर तपकिरी डाग पडतो, तो आठवडा-दोन आठवड्यांत जातो. नस उघडी असेल किंवा पुळी असेल तर उपयोग नाही, आणि चांदीची ॲलर्जी असेल तर नकोच.

स्ट्रिप क्राउन म्हणजे पारदर्शक साच्यात कॉम्पोझिट भरून पूर्ण दात मढवणं. दिसायला सुंदर. पण साडेतीन वर्षांच्या मुलीने चार दातांसाठी रक्त न येता, न हलता बसायचं! जमलं नाही तर भूल देऊन हॉस्पिटलात. तेव्हा दूध-अन्न सहा तास बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आणि हे भूलतज्ज्ञ सांगतील तसंच. "थोडं बिस्किट दिलं, रडत होती" यावर शस्त्रक्रिया रद्द होते.

यातलं काहीही केलं तरी रात्रीची बाटली चालू राहिली तर पुढच्या वर्षी दाढांचं कार्ड येईल.

अंगणवाडी_दिंडोरी
पेस्टबद्दल लिहा कोणीतरी. आमच्याकडे दोन टोकं: एकतर पेस्टच नाही, नाहीतर जाहिरातीसारखी ब्रशभर.

खुर्चीशेजारी
तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. नळीवर फ्लोराइड पीपीएममध्ये छापलेलं बघा. भारतात टूथपेस्टला कमाल १००० पीपीएमची मर्यादा आहे, त्याच्या जवळपासची घ्या. झोपताना घासून थुंकायचं, खळाखळा चुळा भरायच्या नाहीत. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्याने करून द्यायचा, मुलाच्या मागे उभं राहून.

अंगणवाडी_दिंडोरी
धन्यवाद. गोदाकाठ, तुमच्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या बायकांची मुलंही असतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणी करतात, दातांची कीड त्यांच्या यादीत आहे आणि अठरा वर्षांपर्यंत पुढे पाठवतात. शाळेत विचारा.

पिंपळगावकर
तिसरं कार्ड. ४६ ची आरसीटी (रूट कॅनाल) तीन बैठकांत की एकाच? आणि टोपी सहा महिन्यांनी बसवली तर?

एंडो_पंचवटी
बैठका किती हे दाढ ठरवते. नस जिवंत पण सुजलेली असेल तर एका बैठकीत होऊ शकते. पू असेल, मुळं वाळत नसतील, तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा. "एकाच दिवसात आरसीटी" अशी पाटी बघून डॉक्टर निवडू नका.

विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत. रबर डॅम लावता का? मुळाची लांबी एपेक्स लोकेटरने मोजता का? खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या, पुष्कळदा चार. चौथी सापडली नाही तर दुखणं राहतं. नळ्या सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. तेच द्रावण रबर डॅम नसेल तर घशाकडे जातं आणि पेशंट उठून बसतो. फाइल, म्हणजे नळ्या घासायची बारीक सुई, जास्त वेळा वापरली की आत तुटते. तुटली तर पेशंटला सांगायचं असतं, लपवायचं नसतं.

ठणकत्या खालच्या दाढेला नेहमीचं इंजेक्शन कधीकधी अपुरं पडतं. ओठ बधिर, तरी दाढ बोलते. अशा वेळी दाताच्या बाजूच्या फटीत थोडं जादा द्यावं लागतं. "सहन करा" हे उत्तर नव्हे. आणि नुसत्या अँटिबायोटिकने सुजलेली नस बरी होत नाही.

टोपी सहा महिन्यांनी? नको. आरसीटीने दाढ आतून पोकळ झालेली असते, सुपारी किंवा चिवड्यातला कच्चा शेंगदाणा आला की उभी चिरते. मुळापर्यंत चिरली तर काढण्याशिवाय मार्ग नाही. काही आठवड्यांत टोपी.

चिवडा_आणि_चहा
नाशिकच्या चिवड्यावर बोलायचं काम नाही.

लॅबवाला
आमच्याकडे कापलेल्या दाढांची मापं येतात, त्यावरून सांगतो. टोपी निकामी होते ती बहुतेक तीन कारणांनी. एक, हिरडीच्या वर निरोगी दात पुरेसा उरलेला नसतो. चहूबाजूंनी दोन मिलिमीटर पकड हवी. दोन, वरून कमी कापलेलं. अखंड धातूला एक ते दीड, झिरकोनियाला एक ते दीड, आणि धातूवर सिरॅमिक चढवायचं तर दोन मिलिमीटर जागा लागते. जागा नसेल तर आम्ही पातळ बनवतो आणि ती फुटते. शिवी मात्र लॅबला. तीन, मापाची कड फाटलेली. अशा मापावर बनवलेल्या टोपीच्या कडेत अन्न अडकतं.

पेशंटने करायचं ते एवढंच: रंगीत कागद चावून बघताना "चालेल" म्हणू नका. टोपी आधी लागत असेल तर आधी लागते म्हणून सांगा. आणि बिलात एक्स-रे, आरसीटी, आतलं बांधकाम, टोपी वेगवेगळं लिहून घ्या, म्हणजे दोन दवाखान्यांची तुलना करता येते.

पिंपळगावकर
आणि ३४, ३५ क्लास फाइव्ह? वडीलधारी मंडळी मिश्री लावायची, तसेच खाचे आहेत.

खुर्चीशेजारी
हिरडीलगत पाचरीच्या आकाराची झीज. मिश्री, राखुंडी, कडक ब्रशने आडवं घासणं. तिथे भरलेलं पटकन निखळतं, कारण तळ गुळगुळीत, हिरडीतून ओल, आणि चावताना दात लवतो. रेझिन मिसळलेलं ग्लास आयनोमर किंवा कॉम्पोझिट भरतात. घासायची सवय बदलली नाही तर भरलेलं आणि दात दोन्ही झिजतात.

पिंपळगावकर
द्राक्षाच्या सीझनमध्ये दात आंबतात तेही यातलंच का?

दुधाचे_दात
त्याचं सख्खं भावंड. साधारण ५.५ च्या खाली पीएच गेला की इनॅमल विरघळायला लागतं. वाईनचा पीएच तीन ते चारच्या आसपास, लिंबूपाण्याचा त्याहून कमी. जेवणासोबत द्राक्षं खाऊन मोकळे झालात तर थुंकी सांभाळून घेते. घोट-घोट करत तोंडात घोळवत राहिलं की नाही. वाईन चाखणाऱ्यांच्या दातांची झीज हा नाशिककरांनी मनावर घ्यावा असा विषय आहे. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नको, पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा.

अंबडकर
नाशकात कमी खर्चात कुठे?

मखमलाबाद_नाका
पंचवटीत केबीएच दंत महाविद्यालयाची ओपीडी. मुलांचा विभाग वेगळा, आरसीटी-फिलिंगचा वेगळा. विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक तपासतात, त्यामुळे वेळ लागतो आणि फेऱ्या जास्त होतात. सकाळी लवकर जा. आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे, ओपीडी पंचवटीला. रिक्षावाल्याला नीट सांगा.

गोदाकाठ
पहिल्या कार्डाचा आरव्हीजी झाला. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: कीड आणि नस यांच्यात पांढरा पट्टा सलग आहे. पल्पोटॉमी रद्द, हॉलने टोपी ठरली. आज ७५ च्या पुढे-मागे फट पाडायला निळ्या रबराच्या बारीक रिंगा अडकवल्यात, चार दिवसांनी बोलावलंय. आजी विचारतेय, रिंग गिळली तर? आणि टोपीने दात उंच झाला तर पोरगं जेवणार कसं?

एंडो_पंचवटी
पट्टा सलग आहे ना, मग झालं. दुधाचे_दात, एक-शून्य.

दुधाचे_दात
कबूल. फोन मात्र तुम्ही करायचा.

@गोदाकाठ, रिंग गिळली तर शौचावाटे जाते, घाबरू नका. पण ती पडली असेल तर फट पुन्हा मिटते, म्हणून रोज रात्री दोन्ही आहेत का ते बघा आणि पडली तर चार दिवस न थांबता फोन करा. हिरडीत आत सरकल्यासारखी वाटली तर घरी पिनेने काढू नका. तोवर चिकट चिक्की, च्युइंगगम बंद. ब्रश नेहमीसारखा, त्या दोन फटींत फ्लॉस नको.

टोपीच्या दिवशी मुलाला सरळ बसवून, टोपी घशात जाऊ नये म्हणून तिला चिकटपट्टीची शेपटी लावून बसवतील. प्रत्येक दाढेला दोनपासून सातपर्यंत साइझ असतात, बसेल त्यातली सगळ्यात लहान घेतात. सिमेंट भरून मुलालाच "चाव" म्हणतात. हिरडी पांढरी पडते, काही मिनिटांत पूर्ववत होते. चावताना दात उंच लागणारच, बाकीचे दात टेकत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत दोन्हीकडच्या दाढा जुळवून घेतात. पहिले दोन दिवस मऊ भात, खिचडी, पोळी दुधात कुस्करून. त्या रात्री दुखलं तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, पंधरा मिलिग्रॅम प्रतिकिलो. घरात पडलेली निमेसुलाइड नको, बारा वर्षांखाली ती भारतात २०११ पासून बंद आहे.

आणि ३६, ४६ चं सीलंट विसरू नका. मागच्या बाजूला अजून हिरडीचा पापुद्रा असेल तर आत्ता ग्लास आयनोमरचं तात्पुरतं, दाढ पूर्ण वर आली की रेझिनचं.

सातपूरचा_फिटर
माझ्या नातवाची ३६ आली का ते बघायला आज बॅटरी काढतो. दुधाची दाढ मागून मोजायची की पुढून?

खुर्चीशेजारी
पुढून, मधल्या रेषेपासून. पाच दुधाचे मोजा; त्यांच्या मागे सहावी दिसली तर तीच.